अभ्यासाला बसण्याचा शास्त्रोक्त विधी

अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थी अभ्यासाचा आळस करतो, अशी जी समजूत वडीलधाऱ्या मंडळींत रूढ आहे, ती त्याच्या परिश्रमांवर घोर अन्याय करणारी आहे. कारण नुसता अभ्यास न करणे कोणालाही साधते, परंतु पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याचे शुल्क भरून, सकाळी आठपासून खुर्ची अडवून, रात्री खरोखरच थकून परत येणे आणि तरीही गणिताचे एकही प्रकरण पुरे न होऊ देणे, याला साधना लागते. त्या साधनेची वहिवाट नवोदितांच्या सोयीसाठी येथे नमूद करीत आहे.

मोबाइल नेहमी अभ्यासासाठीच उघडावा. करमणुकीकरिता उघडलेला मोबाइल मनाला टोचणी लावतो व अर्ध्या तासात मिटला जातो. उलट सद्धेतूची सनद घेऊन आत शिरलेल्याला बाहेर काढण्याचा अधिकार खुद्द त्याच्या विवेकालाही उरत नाही. उदाहरणार्थ, एम-थ्री या गणिताच्या विषयातील लाप्लास रूपांतर समजून घेण्यासाठी यूट्यूबवर व्याख्यान लावावे, आणि तेही दीडपट वेगाने, म्हणजे वेळ वाचल्याचे समाधान आगाऊच पदरात पडते. दुसऱ्या मिनिटाला हे लाप्लास गृहस्थ कोण, अशी जिज्ञासा उत्पन्न होऊ द्यावी. मग कळते, की १७८५ साली पॅरिसच्या लष्करी विद्यालयात याच गृहस्थांनी सोळा वर्षांच्या नेपोलियनची परीक्षा घेतली होती, आणि १७९९ मध्ये त्याच नेपोलियनने त्यांना अंतर्गत कारभाराचे मंत्री नेमून सहा आठवड्यांत बडतर्फ केले. नेपोलियनवरून वॉटर्लू आणि वॉटर्लूवरून पानिपत, ही वाट मराठी माणसाला दाखवावी लागत नाही. पानिपतावरून बिर्याणीच्या रीलपर्यंत मात्र यंत्रच आपण होऊन हाताला धरून नेते. सायंकाळपर्यंत लाप्लासचे चरित्र मुखोद्गत होते. रूपांतर तेवढे बाकी राहते.

ग्रुपवर आलेली प्रत्येक पीडीएफ तत्काळ उतरवून घ्यावी. उतरवणे म्हणजे वाचणे नव्हे, ही नोंद परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत दप्तरी दाखल करू नये.

घरी कोणी ‘व्यसन’ हा शब्द उच्चारलाच, तर शांतपणे सांगावे, की इंटरनेटच्या व्यसनाचा हा विकार १९९५ साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी निव्वळ थट्टेने रचला होता, आणि बोटांची नकळत होणारी टंकलेखनाची हालचाल हेही त्यांनी त्याचे एक लक्षण म्हणून दिले होते. (ती थट्टा वाचून काहींना तो विकार आपल्यालाच जडला असल्याचा साक्षात्कार झाला, हे सांगण्याचे प्रयोजन नाही; बेंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून अशा रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालते, हे तर मुळीच नाही.) हा पुरावा शोधण्यात आणखी पाऊण तास कारणी लागतो, हा निराळा लाभ.

शेवटी एका जोखमीची सूचना. दीड जीबीचा दैनिक शिधा रात्री दहाच्या सुमारास सरतो आणि नवा बाराला जमा होतो. मधल्या दोन तासांत हाताला उद्योग नसतो, पुस्तक समोर उघडे असते आणि अभ्यासिकेत पंख्याखेरीज आवाज नसतो. अशाच एका रात्री माझ्या परिचयातील एका तरुणाच्या हातून अनवधानाने तीन उदाहरणे सुटली, व पडताळून पाहता तिन्ही बरोबर निघाली. तेव्हापासून तो शेजारच्या मुलाकडून हॉटस्पॉटचा पासवर्ड सकाळीच मागून ठेवतो.