नेट-सेट नसलेले तज्ज्ञ

राज्यात पदवीच्या पोरांना आता 'भारतीय ज्ञान प्रणाली' शिकावीच लागते. स्वायत्त महाविद्यालयांत 2023 पासून, बाकीच्यांत 2024 पासून. श्रेयांक दोन, म्हणजे तास तीसेक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेली जालना जिल्ह्यातली महाविद्यालयंही त्यात आली. तीस तासांत आर्यभट, सुश्रुत, चाणक्य असे सगळेच उरकायचे, तेव्हा मंठ्याकडच्या बंजारा तांड्यांपर्यंत आणि भोकरदनकडच्या भिल्ल वस्त्यांपर्यंत पोचायला वेळ कुठून आणणार? ज्ञान पोथीत असलं तर प्रणाली, वस्तीत असलं तर चालीरीत.

विद्यापीठ वस्तीवर जातच नाही, असं मात्र म्हणू नका. जातं की! नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाचे आणि समुदाय सहभागाचे वेगळे श्रेयांक आहेत. पोरं प्रश्नावली घेऊन येतात. घर कच्चं की पक्कं? शौचालय आहे का? घरात कुणाला व्यसन? उत्तर देणाऱ्या बाईला पहिल्या पावसानंतरची कुठली रानभाजी कोवळी खायची आणि कुठलीचं पाणी उकळून फेकायचं, हे तोंडपाठ असतं. कांचळीवर भिंगं कशी बसवायची, कवड्या कशा ओवायच्या, तेही तिला ठाऊक असतं. पण त्याला रकाना नाही. शिवाय पथक दिवाळीनंतर आलं तर निम्मा तांडा उसाच्या फडात गेलेला. मग जे म्हातारे-कोतारे मागे राहिले, त्यांच्यावरच टक्केवारी काढायची. शेवटी सामूहिक फोटो. श्रेयांक विद्यार्थ्याला, शोधनिबंध सरांना, तांड्याला बॅनर. बॅनर पावसाळ्यात छपरावर टाकायला बरा पडतो, एवढं कबूल केलं पाहिजे.

तांड्यावरच्या बाईलाच शिकवायला बोलवा म्हटलं, तर 'नियमात बसत नाही' हे उत्तर ठरलेलं. नियम वाचले तर बसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आणला. त्याला पदवीची अट नाही, नेट-सेट नाही, मात्र 15 वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. क्षेत्रांच्या यादीत पाणलोट विकास, सेंद्रिय शेती, आदिवासी विकास हे सगळं छापलेलं आहे. लगेच पुढच्या वर्षी कलावंत आणि कारागिरांना महाविद्यालयात नेमायची मार्गदर्शक तत्त्वंही आली. आता तांड्याचा नाईक हे वरिष्ठ पद धरायचं की नाही, एवढीच अडचण उरते. त्यासाठी एक उपसमिती नेमता येईल.

अभ्यासमंडळावर उद्योगातला माणूस चालतो. जालन्यात पोलाद आहे, बियाणं आहे. 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथेच उभी राहिली आणि तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणं विकणारा तज्ज्ञ, हे आम्हाला पटकन पटतं. बियाणं राखणारी पटायला पद्मश्री लागते. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान वाणांची बँक उभी केली आणि 2020 ची पद्मश्री मिळवली. 'टिपा लिहा' या प्रश्नात त्या हमखास सापडतील. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांत त्यांच्यासारखी एक दाखवा.

गडचिरोलीत निदान सुरुवात आहे. 2011 मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणत वर्ग गावात नेतं. मात्र तिथे ग्रामसभेच्या हातात पेसा कायदा आहे, वनहक्क आहे. मेंढा (लेखा) गावाने तर विद्यापीठ येण्याच्या कितीतरी आधी स्वतःचे अभ्यासगट चालवले आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. जालना पेसात नाही. मराठवाड्यातून नांदेडचा तेवढा काही भाग आहे. आदिवासी इथे शंभरात दोन. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, आपल्याकडे विमुक्त जातीत. 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटिअर पुढे करून, अनुसूचित जमातीत घ्या म्हणत, त्यांनी जालन्यात मोर्चाही काढला. यादीत घ्यायचं की नाही, ते सरकार आणि न्यायालय बघेल. अभ्यासक्रमात घ्यायला जातीचा दाखला लागत नाही.

अमेरिकेतल्या नाव्हाहो या मूळनिवासी लोकांनी 1968 मध्ये कुणाची वाट न बघता स्वतःचंच कॉलेज काढलं. तसं कुणी परतूर-मंठ्यात करायला गेलं तर आधी संलग्नतेचा अर्ज, मग तपासणी समिती, मग समितीचं जेवण. तेव्हा तो नाद नको.

त्यापेक्षा कुलगुरू महोदय, अभ्यासमंडळाची एक बैठक तांड्यावर लावा, तीही ऊसतोडीची गाडी भरायच्या आधी. शिकवणाऱ्या बाईला पाहुण्या व्याख्यात्याच्या दराने मानधन द्या, आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर, 'सहकार्याबद्दल आभार' यात न ढकलता, तिचं नाव छापा. प्रवासभत्त्याची बिलं सदस्यांनी नेहमीसारखीच लावावीत. त्याला तांड्याची हरकत नसेल.