चारशेवीस खाटांचे साहेब

माननीय तपासणी पथकप्रमुख साहेब,



गेल्या महिन्यात एका खासगी मेडिकल कॉलेजच्या बायकांच्या वॉर्डात, दारापासून तिसऱ्या खाटेवरच्या पेशंटची तुम्ही आस्थेनं विचारपूस केलीत. ती सायखेड्याची आमची काकू. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. पहाटे गोदावरीच्या पुलाजवळ जीप आली आणि ‘मोफत शिबिर’ म्हणून चौदा बाया भरून घेऊन गेली. दोन वेळचं जेवण, वर निंदणीच्या रोजापेक्षा पन्नास रुपये जास्त.

नियम आता मलाही पाठ झालाय. शंभर विद्यार्थ्यांच्या कॉलेजाला ४२० खाटा, त्यातल्या ८० टक्के भरलेल्या. आकडा ज्यानं काढला त्याला दंडवत.

काकूच्या केसपेपरवर ‘पोटदुखी’ लिहिलेलं होतं. एक शिकाऊ पोरगा आला. हात गार म्हणून त्यानं तळवे घासून गरम केले, मग पोटावर ठेवले. ‘कुठं दुखतं, मावशी?’ काकूला त्याची दया आली, तिनं बेंबीच्या उजवीकडं बोट ठेवलं. तो तिथंच दाबत राहिला, वहीत लिहीत राहिला. ‘लई गुणाचं पोर,’ काकू सांगत होती, ‘पण त्याला दुखणं आणू कुठनं?’

साहेब, थट्टा पुरे. बापाच्या लाखो रुपयांत हा पोरगा खोट्या पोटदुखीवर हात बसवतोय. उद्या अपेंडिक्स फुटायला आलेलं माणूस आमच्याच गावातून त्याच्यापुढं जाणार आहे! पोरानं तक्रार करायची तर इंटर्नलचे मार्क त्याच कॉलेजातल्या सरांच्या हातात.

जुनी मेडिकल कौन्सिल गेली, २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. २०२५ मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला. तपासणीच्या तारखा आधीच फोडल्याचा आरोप त्यात आहे. आमच्या जीपवाल्याला त्याचं नवल वाटलं नाही.

‘साहेब दमलेला दिसत होता,’ काकू म्हणाली. सरकारी कॉलेजात प्राध्यापक असाल, तर तपासणीपुरत्या ‘तात्पुरत्या बदली’वर दुसऱ्या गावची खुर्ची तुम्हीही भरून आला असाल. म्हणजे तुम्हीही त्याच जीपमधले. तुम्हाला वरचे पन्नासही मिळाले नसतील.

पुढची तपासणी कधी, असं काकू विचारतेय. चैत्रात नको, कांदा काढणी असते. तारीख तुम्हाला ठाऊक नसेल तर कॉलेजला विचारून कळवा.

आपला,
खाट क्रमांक तीनचा पुतण्या