खोटा बेडूक, खरा राग

माझ्या मेहुण्याच्या पेटीत मासा कधी नसतो, माशांची सोंगं मात्र खच्चून भरलेली असतात. रबरी कोळंब्या, पोटात खुळखुळा असलेली बोय, पत्र्याच्या चकचकीत पट्ट्या आणि एक हिरवा सिलिकॉनचा बेडूक. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप दिला. मेहुणा हे नाव घेताना गवयासारखा कानाच्या पाळीला हात लावतो.

"भावोजी, मासा नुसत्या भुकेनं गळाला लागत नाही. स्वभाव ओळखावा लागतो," असं तो माझ्या पोटाकडे बघत सांगतो.

जिताड्याचंच घ्या. खाडीत दगडाआड दबा धरून बसायचं, समोरून काही गेलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढायचं. धावाधाव त्याला मंजूर नाही. म्हणून खोटा मासा त्याच्यापुढून रखडत, थबकत, अर्धमेला असल्यासारखा न्यायचा. अलिबागकडे अडलेलं काम व्हावं म्हणून साहेबाला जिताडा पोचवायची जुनी रीत आहे. जागचं न हलता समोर येईल ते गिळणारा मासा साहेबाला आपलासा वाटत असणार.

सुरमईचं उलट. तिला विचाराला उसंत द्यायची नाही. पट्टी भरधाव ओढायची. पाणी गढूळ असलं की खुळखुळा कामी येतो, कारण माशाच्या दोन्ही कुशींवरच्या रेषेला पाण्यातली थरथर कळते.

पण खरी मजा मरळीची. पावसाळ्यात तिची तांबूस पिल्लं तळ्यात पुंजक्यानं फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. अशा वेळी तो हिरवा बेडूक वरून टुणटुणत गेला, की पोट भरलेलं असलं तरी पालक धाडकन अंगावर येतात. बेडकाचे गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे शेवाळात अडकत नाहीत. जबड्यात अंग दबलं की तेवढे वर येतात.

"पोरांसाठी धावून आलेल्या बापाला पकडण्यात कसली रे मर्दुमकी?" मी विचारलं.

"पिल्लांवरची मरळ मी सोडून देतो."

"मग जातोस कशाला?" स्वयंपाकघरातून त्याची ताई. मसाला वाटून तयार होता.

या सगळ्या कलेला भीक घालत नाही तो शिंगाळा. त्याच्या मिशांनाच चव कळते. रापाला असो की रबर, तो ढुंकून बघत नाही. कुजकी कोळंबी लावली की अंधारातही हजर. शेजारच्या काकांनी तसा एक धरून आणला, तेव्हा मेहुण्यानं पेटी बंद केली.

"त्याला सौंदर्यदृष्टीच नाही," तो म्हणाला आणि दोनदा वाढून घेतला.