खोबऱ्याची वाटी आणि कलम १०२

झडती कशाशी खातात हे जालनेकराला शिकवायला विमानतळ लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची माणसं लग्नाची स्टिकरं लावलेल्या गाड्यांतून वऱ्हाडी बनून आली आणि स्टीलवाल्यांकडून ५६ कोटींची रोकड अन् ३२ किलो सोनं घेऊन गेली. नोटा मोजायलाच तेरा तास लागले. तेव्हापासून नवीन जालन्यात वऱ्हाड दिसलं की सरबत काढावं की वकील बोलवावा, असा पेच पडतो.

त्या वऱ्हाडाकडे निदान वॉरंट होतं. चिकलठाण्याच्या विमानतळावर तुमचं तिकीट हेच वॉरंट.

कायदा मात्र प्रवाशाचा केवढा कैवारी! परदेशातून मुंबईला उतरलात आणि अंगावर सोनं लपवल्याचा कस्टमला संशय आला, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०२ प्रमाणे 'आधी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्या' असं ठणकावता येतं. बाईची झडती बाईनंच घ्यायची. अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ५० तर आणखी दिलदार. असा हक्क आहे हे अधिकाऱ्यानंच तुम्हाला सांगायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये बजावलं. (हा मान अंगाला, बॅगेला नाही, हे २००५ मध्ये ठरलं.) आमच्या माणसाचा राजपत्रित अधिकाऱ्याशी संबंध काय, तर झेरॉक्सवर सही-शिक्का मारून घेण्यापुरता. साहेब तेव्हाही जागेवर नव्हते. आता एका हातानं पँट सावरत त्यांना कुठं शोधायचं?

आणि साध्या सुरक्षा तपासणीत साहेबापुढे नेण्याचा हा हक्कही नाही. अंगाला हात लावू द्यायचा नसेल तर घरी जा, एवढंच स्वातंत्र्य. लेक सासरी निघाली, आईनं ओटी भरली, खोबऱ्याची वाटी हातातल्या पिशवीत ठेवली, की जवान ती काढून घेणार. खोबऱ्यात तेल, तेल पेट घेतं, म्हणून मनाई. तांदूळ, हळकुंड, सुपारी जाऊ द्या म्हणतो, हे त्याचे उपकार.

ज्यांना हात लावायचा नाही अशांची सरकारी यादी वेगळी असते. २०१५ पर्यंत तीत रॉबर्ट वद्राही होते. माजी राष्ट्रपती म्हणून कलामही होते. तरी एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीनं त्यांची अंगझडती घेतली. ते चकार शब्द बोलले नाहीत. गदारोळ नंतर राज्यसभेत झाला, मग कंपनीनं माफी मागितली. यादीत नसलेले आमचे नगरसेवक मात्र 'पट्टा काढा' म्हटलं की आधी फोन काढतात.