पौर्णिमा बघूनच ठरवलंय

दाजींचा फोन आला की ‘कसे आहात, काय चाललंय’ असला फापटपसारा नसतो. “माघी पौर्णिमा शनिवारी येतेय,” त्यांनी सांगितलं. “समुद्रावर टिपूर चांदणं, वाळूवर तंबू, मोकळ्या हवेत खिचडी. हॉटेलचं नाव कुणी काढायचं नाही. सासूबाईंनाही घ्यायचंय.” मी ‘पण’ म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. ही विचारणा नव्हती, परिपत्रक होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण दाजी हे काही नुसतं नातं नाही. कुठल्याही घराण्यात एक दाजी असतातच. कुठे ते काका असतात, कुठे थोरले दीर, कुठे सोसायटीचे सेक्रेटरी. गुडघ्यापर्यंतच्या विजारीला सहा खिसे, एकात सुतळी आणि दुसऱ्यात ती कापायला चाकू. डोक्याला बांधायची बॅटरी भर दुपारी गळ्यात. आणि गाडीचा एसी पूर्ण सोडून ‘आपण निसर्गापासून फार तुटलोय’ म्हणायची सवय.

नोकरीत ते खरेदी विभागात आहेत. दुसऱ्याच्या कोटेशनातून पाच टक्के कापल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. आक्षीला खोलीचा एका रात्रीचा भाव ऐकून ते म्हणाले, “झोपायचंच ना? डोळे मिटल्यावर छत दिसतं का कुणाला?” आणि ते न दिसणारं छत वाचवण्यासाठी त्यांनी दोन तंबू, चार हवेच्या गाद्या, पायाने दाबायचा पंप, घडीची शेगडी आणि एक होकायंत्र विकत आणलं. तेवढ्या पैशात आम्ही नऊ माणसं आठवडाभर मासे खात खोल्यांत लोळलो असतो. ताईने हे बोलून दाखवलं तर उत्तर तयार होतं : “हा खर्च नाही, ही गुंतवणूक आहे.”

तंबूच्या पिशवीवर ‘चार माणसांसाठी’ असं छापलेलं होतं. ती चार माणसं कोण, हे कुणीतरी एकदा समोर आणून दाखवायला हवं. आमच्या घरची चार त्यात मावायची तर डब्यात पुरणपोळ्या रचतात तशी, मध्ये कागद घालून. शिवाय चार दुणे आठ, आणि आम्ही नऊ. “सासूबाई काय, कुठेही ॲडजस्ट होतील,” दाजी म्हणाले. आईने ते ऐकलं आणि काही न बोलता माळ्यावरची घडीची खुर्ची काढून पुसून ठेवली. खुर्ची यादीत नव्हती.

यादीबद्दल सांगायलाच हवं. ती एक्सेलमध्ये होती, तीन रंगांत, आणि तिच्यात ‘जबाबदार व्यक्ती’ असा स्वतंत्र रकाना होता. माझ्या आठवीतल्या मुलीच्या नावापुढे ‘काडेपेटी (२), शिट्टी, मनोधैर्य’ असं लिहिलेलं होतं. इतका काटेकोर बंदोबस्त असूनही सुतळी तीन जणांनी आणली होती आणि मीठ एकानेही आणलं नव्हतं. समुद्रावर मिठावाचून अडलेली माणसं त्या किनाऱ्याने पहिल्यांदाच पाहिली असतील.

पुण्याहून निघून खोपोली, पेण, मग वडखळला व्हायचा तेवढा उशीर, पोयनाड, कार्ले खिंड. अलिबागच्या अलीकडे पोरांना भूक लागली, तेव्हा दाजींनी वेधशाळेची माहिती सुरू केली. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागेला हलवलं गेलं. माहिती खरी आणि सुंदर आहे, पण वडापाव नसलेल्या पोटी ती उतरत नाही. पुढे आक्षीला त्यांनी रस्त्याच्या कडेचा शिलालेख दाखवायला गाडी थांबवलीच. शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. एक हजार वर्षं दगड उन्हात उभा आहे, तुम्ही वीस मिनिटं उभं राहू शकत नाही का, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या धाकट्याने उत्तर दिलं की दगडाला शू लागत नाही.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. समुद्र पार लांब गेलेला, मधे नुसती ओली चकचकीत वाळू, मागे सुरूचं बन आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. दाजींनी होकायंत्र काढून पश्चिम कुठे आहे ते निश्चित केलं. समोर सूर्य चालला होताच. मग ते बनातून खाली चालत गेले, टाचेने वाळू ठोकून बघितली, पुन्हा खाली गेले, पुन्हा ठोकली. “वर सगळी भुसभुशीत आहे, खुंटी धरणार नाही. इथे बघ, सिमेंट आहे सिमेंट!” ती सिमेंटसारखी का होती, हा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. वर बनाच्या पायथ्याशी सुरूच्या काड्या, शिंपले, एक रबरी चप्पल आणि फुटक्या बाटलीचं बूड अशी कचऱ्याची लांबच लांब रेघ होती. “ही पावसाळ्यातली,” दाजी म्हणाले.

पाऊण तास त्या खुंट्या ठोकल्या. दाजी शाळेत स्काउटला होते. “बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये पहिलं शिबिर कुठे घेतलं? ब्राउनसी बेटावर. समुद्रातच! वीसेक पोरं होती बरोबर.” त्या पोरांबरोबर त्यांच्या मावश्या आणि आज्या नव्हत्या, हे मी मनात म्हटलं आणि दोर ताणून धरला.

तेवढ्यात वाडीतून एक काका खाली आले. उघडे, कमरेला पंचा, हातात कोयता. थोडा वेळ आमचं काम कौतुकाने बघून ते म्हणाले, “साहेब, जरा वर घ्या. आज पुनव. पाणी इथवर येतंय.”

आता दाजींना कुणी सांगितलं की ते ऐकतात, फक्त सांगणारा पुस्तक किंवा स्क्रीन असायला हवा. त्यांनी समुद्राकडे हात केला. “काका, तो बघा कुठे आहे. मी काय अलिबागहून आलोय का?”

काकांनी शांतपणे मान हलवली. “नाय साहेब. अलिबागचे आम्ही. तुम्ही पुण्याहून आलात.” आणि ते वर गेले.

(या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये एकाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. ती फेटाळली गेली. काकांना अर्थातच याचिकेची गरज नव्हती.)

अंधार पडला, चंद्र वर आला, आणि खरंच सांगतो, दाजींचं पहिलं वचन निसर्गाने पाळलं. चांदणं असं होतं की वाळूवर आपली सावली बघून दचकायला व्हावं. शेगडी मात्र पेटेना. वारा आला की ज्योत आडवी व्हायची, मग निळी, मग नाहीशी. दाजींनी तिच्याभोवती गाद्या उभ्या केल्या, गाद्यांभोवती मला उभं केलं. तासाभराने तांदूळ कोमट झाले. मग मिठाचा शोध सुरू झाला.

वर बनाच्या कडेला जाळ दिसत होता. पोरं त्या दिशेला तोंड करून बसली होती, एकेक करून नाहीशी होत होती. त्यांना आणायला ताई गेली, तीही आली नाही. तिला आणायला माझी बायको गेली. शेवटी मी गेलो.

काकांच्या घरची मंडळी पोपटी लावत होती. गावठी वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेल्या कोंबडीच्या केळीच्या पानातल्या पुरचुंड्या. मडक्याच्या तळाला आणि मधेमधे भांबुर्डीचा पाला, शेंगांवर ओवा आणि जाडं मीठ, तोंडाशी पुन्हा पाला कोंबलेला. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवतीनं पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने काकूंनी बोटांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. “झाली,” त्या म्हणाल्या. थर्मामीटर नाही, टायमर नाही. मडकं काठीने ओढून कागदावर ओतलं तेव्हा जो वास सुटला, त्यापुढे माझी दाजींवरची निष्ठा टिकली नाही.

आई आमच्या आधीच तिथे पोचली होती, खुर्चीसकट. शेंग सोलत ती काकांना विचारत होती, “भरती किती वाजता म्हणालात?”

“आमचा हिशोब साधा, आजी. तिथीची पाऊणपट.”

आई चौथीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या पिढीतली. क्षणभर ओठ हलले. “पंधरा पाऊण सव्वाअकरा,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली. नंतर मी बघितलं तर ती खाली जाऊन सगळ्यांच्या चपला, औषधांची पिशवी आणि गाड्यांच्या किल्ल्या गोळा करून वर आणत होती. विचारलं तर म्हणाली, “असू दे हाताशी.” जावयाला भर मोहिमेत चूक सांगायची नाही, हा तिच्या पिढीचा दुसरा पाढा.

दाजींनी खाली एकट्याने खिचडी खाल्ली. अळणी. “तिला मूळ चव आहे,” असं ते म्हणाल्याचं ताई सांगते.

रात्री दहाला शिट्टी वाजली आणि आम्ही तंबूंत रचले गेलो. पोपटीच्या गुंगीत डोळा लागतोय तोच बाहेरून आईचा आवाज आला. ती तंबूच्या दाराशी खुर्चीत बसली होती, अंगावर शाल.

“जावईबापू, पाहुणे आलेत. पाय धुवायचं पाणीही त्यांनीच आणलंय.”

दाजींची बॅटरी पेटली. तंबूच्या तोंडाशी फेसाची एक पातळ चादर आली, पसरली, चुळबुळत मागे गेली. “चुकून एखादी लाट येते अशी,” दाजी म्हणाले. दुसरी आली ती आत आली. तिसरीत माझ्या पाठीखालची गादी हलली. मला वाटलं बायको कूस बदलतेय. ती तर केव्हाच बाहेर होती.

पुढची दहा मिनिटं मी नीट सांगू शकणार नाही. वरून काका आणि त्यांचे दोन मुलगे धावत आले. “सामान राहू द्या, आधी पोरं!” धाकट्याला तर गादीसकट उचलला, तो झोपेतच होता. दिवसा सिमेंट असलेली वाळू आता शिऱ्यासारखी झाली होती आणि खुंट्या त्यातून बदामांसारख्या निघत होत्या. दाजी गुडघाभर पाण्यात उभे राहून बॅटरीच्या झोतात माणसं मोजत होते. आठ. पुन्हा मोजली. आठ! “एक कोण कमी आहे? कोण राहिलं?” त्यांचा आवाज चिरकला. एवढा घाबरलेला माणूस मी पूर्वी बघितला नव्हता. वेदान्ताच्या गोष्टीत नदी ओलांडल्यावर दहावा माणूस सापडत नाही, तसं झालं होतं. आई वरून म्हणाली, “जावईबापू, स्वतःला धरा. नऊ होतात.”

काकांच्या पडवीत चटया टाकल्या होत्या. आम्ही सगळे ओळीने आडवे झालो, सगळ्यांच्या चपला जागच्या जागी होत्या. दाजी काही आत आले नाहीत. पायरीवर बसून त्यांनी रात्रभर एक दोर उलगडला. मधेच उठून पडवीत डोकवायचे. मला वाटतं मोजून जायचे.

सकाळी समुद्र पुन्हा लांब गेला होता, जणू त्याचा यात काही संबंधच नाही. पोरांना सोळापैकी सात खुंट्या सापडल्या. होकायंत्र गेलं ते गेलं. निघताना काकांनी जागेचा आणि चहा-नाश्त्याचा मिळून एक आकडा सांगितला. दाजींनी पाकीट काढलं आणि तो आकडा जसाच्या तसा मोजून दिला. ताईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन गाडीकडे आलो तर दाजी दिसेनात. ते खाली किनाऱ्यावर होते. ठाण्याकडचं एक कुटुंब नवा तंबू घेऊन आलं होतं आणि दाजी कमरेवर हात ठेवून त्या गृहस्थांना समजावत होते, “ही कचऱ्याची रेघ दिसते ना? हिच्या वरच राहायचं. साधा हिशोब असतो हो, तिथीची पाऊणपट! हे पुस्तकात नाही सापडणार तुम्हाला.” तो गृहस्थ समुद्राकडे बघून हसला. समुद्र खरंच फार लांब होता.

दोन आठवडे शांततेत गेले. मग फोन.

“फाल्गुन शुद्ध अष्टमी रविवारी येतेय, सोमवारची रजा टाक. अष्टमीला उधाण नसतं, भांग असते. आठ पाऊण सहा. सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी. रात्रभर समुद्र आपल्या वाटेला येत नाही.”

“दाजी, आणि चांदणं?”

“अर्धं आहे. पुरे.”

मी आईकडे पाहिलं. ती निवडणं बाजूला सारून उठली होती.

“त्यांना म्हणावं मीठ मी घेते,” ती म्हणाली, “आणि तू त्या खुर्चीच्या पायांखाली ठोकायला फळीचे तुकडे बघ. वाळूत रुततात.”