उपरण्याखालचा भाव

भावी सरपंच साहेब यांस,


चौकात आपला बॅनर लागला आणि त्यावर आपण हात जोडून उभे राहिलात, म्हणजे निवडणूक जवळ आली. म्हणून हे पत्र.

जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतीच्या गर्दीला नुसतं उपरणं हलताना दिसतं. निवडणूक खर्चाचा हिशेबही मला तसाच वाटतो. निकालानंतर 30 दिवसांत तो द्यायचा. न दिल्यास राज्य निवडणूक आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. त्यामुळे हिशेब येतो. चहा, मंडप, रिक्षा, पत्रकं, पै न पै जुळलेली. शेवटच्या दोन रात्रींत पाड्यापाड्यावर शिजलेले बोकड तेवढे त्यात सापडत नाहीत. ते बहुधा स्वखुशीनेच पातेल्यात उतरले असावेत.

म्हणूनच मला खोंडामळीचं कौतुक वाटतं. नंदुरबार तालुक्यातल्या या गावात 2021 च्या निवडणुकीआधी सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली 42 लाखांवर, तीही देवळासाठी. उपरणं नाही, बोटं नाही. सगळं चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर. जिल्ह्यात इतकं स्वच्छ विवरणपत्र दुसरं कुणी दिलं असेल, असं वाटत नाही. पण आयोगाला कौतुक कुठलं! 13 जानेवारीला, मतदानाच्या दोन दिवस आधी, अख्खी निवडणूकच रद्द. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याचीही झाली. तिथला भाव होता 2 कोटी 5 लाख.

तेव्हा सर्वांत मोठ्या, 15 ते 17 सदस्यांच्या ग्रामपंचायतीतही सदस्यपदाच्या उमेदवाराला 50 हजारच खर्चता येत. म्हणजे 42 लाख हा 84 उमेदवारांचा कमाल खर्च. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर मनुष्यजन्म मिळतो म्हणतात. इथं चौऱ्याऐंशी जणांचा खर्च एकाच पदाच्या बोलीत. तो वसूल करायला पुढं किती विहिरी कागदावरच खणाव्या लागल्या असत्या, ते देवालाच ठाऊक.

थट्टा पुरे. लिलावात बोली लावणाऱ्यानं लावली, विकणाऱ्यांनी विकलं. विकलं गेलं ते मत मात्र माझं होतं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. रात्रीच्या बोकडातही तेच होतं, फक्त भाव जाहीर होत नाही.

तेव्हा विनंती एकच. मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांचं शपथपत्र आपण अर्जासोबत देणारच आहात. ते वाचायला तालुक्याला जायचं, तर डोंगरातल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. बॅनरवर जिथं हात जोडलेत, तिथंच खाली ते छापा. निकालानंतर खर्चही त्याच जागी लावा, बोकडांसह.

सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही घोडा घेण्याआधी त्याचे दात पाहतो. तरी फसलो, तर पुढच्या दत्तजयंतीच्या यात्रेत तो विकता येतो. आपल्याला मात्र पाच वर्षं सांभाळायचं आहे.

आपला,
एक मतदार