फ्लेक्सवरचे तेज

धर्माबादच्या प्रसिद्ध मिरचीच्या पुडीत रंग मिसळला तर 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आडवा येतो; वाढदिवसाच्या फ्लेक्सवरील भाऊंच्या गालांत मिसळला तर शुभेच्छुकांची संख्या वाढते. हा भेद रास्तच आहे. डिझायनरने मुरुमांचे खड्डे पुसून वर शार्पनेस चढवला की कडांचा उजेड-अंधार भडकतो आणि डोक्याभोवती पांढरी रेघ उमटते. पूर्वी असल्या तेजोवलयासाठी संतांना जन्म वेचावा लागे. फ्रान्स 2017 पासून मॉडेलची अंगकाठी बदललेल्या जाहिरातीवर तसे छापायला लावतो. तिकडे श्रद्धाच कमी. आक्षेप असा, की भाऊ समोर आले तर ओळखू येणार नाहीत. पण आधी समोर यावे लागेल! उलट फ्लेक्सखालच्या रस्त्याचे कंत्राटही या डिझायनरलाच द्यावे; मुरूम न टाकता खड्डे बुजवणारा तालुक्यात दुसरा कोण आहे?